नांगराच्या खाली जायचं नाही

माझं दुकान मोटर वायंडिंगचं, शिवाजी पेठेत. दुकानात तांब्याची तार येते आणि तारेबरोबर गोष्टी येतात. जळकी तार भंगारात तरी घालता येते, गोष्टींचं काय करायचं? घरी सांगायला बसलं की बायको कुकर लावायला उठते. आता तुम्ही आयते सापडलाय, तर ऐका. चहा सांगितलाय.

आमचं चौघांचं एक मंडळ आहे. गणपतीचं नव्हे, फुटबॉलचंही नव्हे. पेठेत राहून तिसऱ्याच कशाचं तरी मंडळ काढलंय म्हणून लोक जरा संशयानं बघतात. मेटल डिटेक्टर बाळगणाऱ्यानं आणि जुन्या वस्तू हाताळणाऱ्यानं कसं वागावं, हे आमचं आम्ही ठरवतो आणि आमचं आम्हीच पाळतो. सरकारचे कायदे आहेतच. पण कायदा कचेरीत असतो आणि मशीन धनाजीच्या हातात असतं. मधलं अंतर आम्ही सांभाळतो.

धनाजी प्लंबर. जमिनीत गाडलेल्या लोखंडी पायपा शोधायला त्यानं ऑनलाइन मशीन मागवलं. थोड्याच दिवसांत पायपा राहिल्या बाजूला आणि लोक त्याला सोन्याचे हंडे शोधायला बोलवायला लागले. मशीन बिघडलं तसा तो माझ्याकडं घेऊन आला. नेमक्या त्याच वेळी चौगुले मॅडम पंख्याची मोटर घेऊन दुकानात.

चौगुले मॅडम कॉलेजात पुरातत्त्व शिकवून रिटायर झालेल्या. पक्क्या जैन. जमिनीखाली उगवलेलं काही खात नाहीत आणि जमिनीखाली पुरलेलं काही उकरू देत नाहीत. बटाटा आणि हंडा, दोन्ही वर्ज्य.

"हे कुणाचं?" त्यांनी मशीनकडं बोट करून विचारलं.

"माझं," धनाजी म्हणाला.

"काय सापडलं आजवर?"

"एक नाल, एक विळा आन् एक जुना शिक्का. शिक्का देव्हाऱ्यात ठेवलाय."

मला वाटलं, आता बाई पोलिसांना फोन लावणार. त्या स्टुलावर बसल्या. वस्तूपेक्षा ती कुठल्या थरात होती, कशाच्या शेजारी होती, हे मोलाचं असतं. ते गेलं की वस्तू मुकी होते, असं सगळं सावकाश सांगितलं. धनाजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शिक्का परत पुरू?"

"नको. आता पुरलास तर पुढं जो कोणी खोदेल त्याला माती खोटं सांगेल."

धनाजीला हे फार लागलं. आजवर त्याला लोकांनी खोटारडा म्हटलं होतं. आपल्यामुळं माती खोटं बोलेल असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो शिक्का घेऊन मॅडमबरोबर कचेरीत जमा करायला गेला. तिथल्या माणसानं शिक्का बघितला, मग धनाजीला बघितलं आणि विचारलं, "सापडलाय ना? मग आणलास कशाला?"

त्या दिवसापासून मंडळ सुरू झालं. नांगराचा फाळ पोचतो त्याच्या खाली उकरायचं नाही, हे त्याचं ब्रीद.

* * *

पहिला नियम असा की, सापडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. आधी मॅडमना फोन.

कसबा बावड्यात उसाच्या रानात भांगलताना एका बाईंचं मंगळसूत्र पडलं. धनाजीला बोलावणं आलं. त्यानं सऱ्यांतून मशीन फिरवलं, एका जागी वाजलं, माती जराशी बाजूला केली तर काळे मणी दिसले. बाई वाकल्या.

"थांबा वैनी," धनाजी म्हणाला. "हात लावायचा न्हाय."

"का?"

"नियम हाय."

मॅडमचा फोन बंद. त्या बस्तीत दर्शनाला गेलेल्या. धनाजी मशीन आडवं धरून मंगळसूत्राच्या राखणीला उभा राहिला. सासू आली, दीर आला, शेजारच्या रानातली माणसं बांधावर येऊन बसली. नवरा म्हणाला, "आवो, आमचंच हाय की. बायकू माझी, मनी तिचं. तुमास्नी कळंना व्हय?"

"तुमचंच हाय ते मला म्हाईत हाय," धनाजी म्हणाला. "मॅडमना म्हाईत न्हाय."

दुपारी कुणीतरी त्याला भाकरी आणून दिली. ती त्यानं उभ्यानंच खाल्ली. ऊन कलल्यावर मॅडम रिक्षातून आल्या, सरीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "धनाजी, हे परवाचं आहे."

"व्हय. मग उचलू दे त्यास्नी?"

मीटिंग घेऊन नियमात दुरुस्ती केली. मालक जिवंत असेल तर वस्तू लगेच द्यावी. धनाजीनं ही दुरुस्ती इतकी मनावर घेतली की आता कुणाचाही फोन आला तरी आधी विचारतो, "मालक जिवंत हाय का?" एका गृहस्थांनी सासऱ्यांची अंगठी हरवली म्हणून फोन केला होता. ते चाचरत म्हणाले, "आज सकाळपतोर तरी हुते."

* * *

गुप्तधनाला जायचं नाही, हा दुसरा नियम. पण येणाऱ्यांना काय माहीत?

एकदा दुकानासमोर मोठी गाडी थांबली. दोन बागायतदार पावणं आणि त्यांच्याबरोबर एक बाबा. बाबांच्या गळ्यात चांदी-तांब्याच्या इतक्या माळा की धनाजीचं मशीन कोपऱ्यात बंद होतं म्हणून बरं.

"हंडा कुठं हाय ते बाबांना दिसलंय," एक पावणं म्हणाले. "फकस्त जागा पक्की करायची हाय. मशीन घिऊन चला. वाटा दिऊ."

धनाजी माझ्याकडं बघायला लागला. मी रिवाइंडिंगच्या कामातून मान वर केली नाही. माझ्या दुकानात बसून माझ्याच गिऱ्हाइकांशी मीच का वाईट व्हायचं?

"आमच्या मंडळाची पद्धत सांगतो," धनाजी म्हणाला. "सापडलं की हात लावायचा न्हाय. मॅडम येनार, फोटो काढनार, मग पंच बोलवायचं, मग समदं कलेक्टरसाहेबांकडं जमा."

"सगळं?"

"हंड्यासकट."

"मग आमास्नी काय?"

"पावती मिळंल की."

बाबा तोवर डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले. "धनावर नाग बसलाय. त्याला हलवल्याबिगर धन मिळायचं न्हाय."

"मशीन धातू दावतंय," धनाजी म्हणाला. "नाग दावत न्हाय."

तेवढ्यात मॅडम पंख्याची चौकशी करायला आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पावण्यांना म्हणाल्या, "नाग तिथं राखायला बसलाय ना? मग आपण कशाला जायचं? तो आपलंच काम करतोय."

पावणं गेले. जाताना बाबांनी धनाजीला बाजूला घेऊन मशीन कुठून मागवलं ते विचारून घेतलं.

* * *

मंडळातले चौथे शिवलिंगअप्पा, पेठ वडगावचे. तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, आणि राग आला की दोन्ही. लोक जुनी भांडी मोडीत घालतात, त्यात कधी जुनी समई येते, कधी नाणी येतात. मोड भट्टीत जायच्या आधी मॅडमना दाखवायची, हा अप्पांचा नियम. तो त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलाय. मॅडमना "पद्मा" म्हणणारे आमच्यात ते एकटेच.

तर मॅडम कुठल्याही वस्तूची किंमत सांगत नाहीत. कितीही विचारा. किंमत सांगितली की लोक रानोरान उकरत सुटतात, असं त्यांचं म्हणणं. एक गृहस्थ अप्पांच्या दुकानात बसून होते, समोर पितळेचा जुना दिवा. मॅडमनी दिवा बघितला, कुठल्या पद्धतीचा आहे ते सांगितलं.

"किंमत?"

"सांगत नाही."

"अंदाजानं तरी?"

"नाही."

गृहस्थ मुरलेले. म्हणाले, "बरं, किंमत ऱ्हाऊ दे. समजा उद्या ह्यो चोरीला गेला, तर मी किती रडू? थोडं का लई?"

मॅडमनी खरंच विचार केला. "दिवा कुणाचा?"

"आईचा."

"मग तुम्हाला ठाऊक."

गृहस्थांनी दिवा फडक्यात गुंडाळला आणि उठले. अप्पांचं एक गिऱ्हाईक गेलं. अप्पा दिवसभर कन्नडमध्ये बोलत होते.

* * *

मॅडमच्या स्वतःच्या घराची गोष्ट तर त्यांचे मिस्टरच सांगतात. बावड्यात प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. अंगणात पाण्याची टाकी घ्यायची म्हणून खड्डा सुरू केला, तर खापरं लागली. जुनी, चकचकीत, तांबड्या रंगाची. मॅडमनी काम थांबवलं, खात्याला कळवलं, फोटो काढले, खड्डा बुजवून घेतला.

खात्यानं नंतर काम करायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण मॅडमचीच हरकत. त्यामुळं कॉलनीत सगळ्यांच्या टाक्या जमिनीत आणि यांची गच्चीवर, तीही लहान. नळाला पाणी चढत नाही म्हणून मिस्टर रोज सकाळी मोटर लावतात. ती मोटर माझ्याकडं वायंडिंगला येते, त्यामुळं माझी काही तक्रार नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं, "साहेब, तुम्ही कसं सहन करता?"

"काय करायचं?" ते म्हणाले. "आमच्या घराखाली सातवाहन राहतात. आम्ही वरचे भाडेकरू."

* * *

आता पांढरीचं सांगतो. जुनी वस्ती मोडून तिचं टेकाड झालेलं असतं, माती राखेसारखी पांढुरकी, तिला पांढर म्हणतात. नदीकाठी एका गावात अशी एक आहे. गावाचं नाव सांगणार नाही, तोही नियम आहे.

मॅडमचा सगळा जीव त्या पांढरीत. त्यांचे सर मोठे माणूस, आता नाहीत. मॅडम विद्यार्थिनी असताना ते त्यांना तिथं घेऊन गेले होते आणि म्हणाले होते, "ही कोरी आहे. हिला कुणी हात लावलेला नाही. राखून ठेव, आणि परवाना मिळेल तेव्हा तूच खोद." मॅडमनी नोकरीभर राखली. गावकऱ्यांना माती नेऊ दिली नाही, कुणाला मशीन फिरवू दिलं नाही. रिटायर झाल्यावर कुठं एका संस्थेनं अर्ज केला, खोदकामाच्या प्रमुख म्हणून मॅडमचं नाव घातलं. गुडघे दुखतात. जमतंय तोवर एकदा तेवढं खोदकाम व्हावं, एवढंच त्यांचं मागणं. दुसरं काही त्या मागत नाहीत.

आणि आमच्या धनाजीनं त्याच पांढरीवर मशीन नेलं. खोदायला नव्हे. मॅडमना मदत व्हावी म्हणून, कुठं काय आहे ते आधीच सांगावं म्हणून. स्वतःच येऊन कौतुकानं सांगितलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बॅटरी."

नियम मोडला की मशीनची बॅटरी माझ्या दुकानात जमा, ही आमच्याकडची शिक्षा. धनाजीनं बॅटरी काढून टेबलावर ठेवली. "वाईट हेतू नव्हता मॅडम."

"माहीत आहे. पण परवान्याशिवाय खोदलं म्हणून एकदा कुणाचं नाव लागलं की त्याला पुन्हा कधी परवाना मिळत नाही. आमच्या धंद्यात हे असंच आहे. हेतू कुणी विचारत नाही."

शिक्षा चालू असतानाच त्याला एका मंगल कार्यालयातून फोन आला. नवरदेवाची अंगठी लॉनवर पडलेली. मालक जिवंत होता, बोहल्यावरच उभा होता. नाही म्हणवेना. धनाजी बॅटरीशिवाय मशीन घेऊन गेला, कानाला हेडफोन लावून लॉनभर फिरला आणि अंगठी त्याला दिसली. नुसती दिसली. उन्हात चमकत होती.

पुढच्या मीटिंगला मी विचारलं, "आता डोळे पण जमा करून घ्यायचे का?" कुणी हसलं नाही. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "नको. दिसलं तर दिसू दे."

* * *

अर्ज पुढं सरकत सरकत शेवटाला आला. खात्याचे साहेब जागा बघून जाणार आणि मग परवाना. त्या सकाळी आम्ही चौघं अप्पांच्या गाडीतून पांढरीवर गेलो. मॅडमनी नवी साडी नेसली होती. शिक्षा संपली होती म्हणून धनाजीनं बॅटरीसकट मशीन आणलं होतं, साहेबांना मंडळ दाखवायला.

पोचतो तर टेकाडाच्या पायथ्याला विजेचा खांब रोवणारी माणसं. शेजारच्या पंपासाठी खांब, आणि खड्डा काढून झालेला. मॅडमच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हितंच का काढला खड्डा?" अप्पांनी विचारलं.

"हितं माती लई मऊ लागली," त्यांचा मुकादम म्हणाला. "बाकी समदीकडं टिकाव उडतोय."

मॅडम गुडघा धरून खड्ड्यात उतरल्या. छातीइतका खोल. एका बाजूच्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते, राख, चिकणमाती, परत राख. दुसऱ्या बाजूला सगळी मिसळलेली भुसभुशीत माती. आणि दोन्हींच्या मधली रेघ एकदम सरळ, वरपासून खालपर्यंत. मॅडमनी तिच्यावरून हात फिरवला.

"मॅडम, चोरांनी उकरलंय व्हय?" धनाजीनं विचारलं.

"चोर ओळंबा घेऊन येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. मग जरा वेळानं, "धनाजी, या कोपऱ्यात मशीन धर."

धनाजीनं वरूनच वाकून मशीन खाली धरलं. वाजलं. मॅडमनी बोटांनी माती सारली. कौलाची एक खापरी निघाली, खापरीखाली नाणं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी अंगठ्यानं पुसून साल वाचलं आणि अप्पांकडं दिलं.

"वीस पैशाचं पिवळं," अप्पा म्हणाले. "ह्यात सोनं हाय म्हनून लोक साठवायची." त्यांनीही साल वाचलं, आणि मग खाली मॅडमकडं बघितलं.

मॅडम खड्ड्यातूनच सांगत होत्या, आम्हाला की स्वतःला कोण जाणे. खोदकाम करणारे जाणते लोक खड्डा बुजवताना तळाला त्या वर्षाचं चालू नाणं ठेवतात. पुढच्याला कळावं, की इथं आधी कुणीतरी येऊन गेलंय. "खापरीखाली ठेवायचं, कोपऱ्यात, सिंहांची बाजू खाली, हे फक्त आमच्या सरांचं. त्यांनी आम्हाला शिकवलं. दुसरं कुणी असं ठेवत नाही."

"पन सर तर म्हनालेले, कोरी हाय," धनाजी म्हणाला.

मॅडम बोटांनी खापरीवरची माती पुसत राहिल्या.

मला त्या सरांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊन काही उपयोग नसतो, तरी आला. ज्यांच्या शब्दावर ह्या बाईनं सगळी नोकरी ही माती राखण्यात घालवली, त्यांनीच आधी खोदून, कुणाला न सांगता, बुजवून टाकलेलं.

"मॅडम," धनाजी हळूच म्हणाला, "आमी काय बघितलंच न्हाय. दोन पाट्या माती लोटतो."

"आन् नाणं माझ्याकडं मोडीत आलं, म्हन," अप्पा म्हणाले. नियमांना इतकी वर्षं मानणारे अप्पा.

मॅडमनी हात वर केला. अप्पांनी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते होतं तसं, सिंह खाली करून ठेवलं आणि वर खापरी झाकली. तेवढ्यात साहेबांची जीप आली.

साहेब शिकलेले. खड्ड्यात वाकून बघताच त्यांना ती रेघ दिसली.

"मॅडम, इथं आधी खोदकाम झालंय."

"हो."

"आमच्याकडं याचा परवाना दिल्याचं कुठंच नाही."

"नाही."

त्यांनी खड्ड्यात उतरून कोपऱ्यातली खापरी बघितली. "खाली नाणं असेल."

"आहे."

"मग हे तुमच्या सरांचं, नाहीतर त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाचं तरी काम." ते खाली हात घालायला लागले.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्यानं ठेवलेलं उचलू नये."

साहेबांनी हात मागं घेतला. "मला रिपोर्टात लिहावं लागेल, मॅडम. कुणी केलं, तुम्हाला ठाऊक आहे?"

धनाजी आभाळाकडं बघायला लागला. अप्पांना खोकला आला.

"ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या. "मी."

"तुम्ही?"

"मीच. परवान्याशिवाय."

साहेबांनी पेन उघडलं होतं ते मिटलं. "हे मी लिहिलं तर तुम्हाला इथं काय, कुठंच परवाना मिळणार नाही. कधीच."

"नियम मला माहीत आहे. लिहा."

साहेबांनी बराच वेळ वाट बघितली. मग लिहिलं, मॅडमना नमस्कार केला आणि गेले. मी हात देऊन मॅडमना वर घेतलं. साडीला सगळी पांढरी माती. मला रडू यायला लागलं म्हणून मी उगीच मुकादमाशी खांब दुसरीकडं रोवण्यावरून भांडलो.

येताना मॅडम पुढं बसल्या आणि डोळे मिटून घेतले. आम्ही दोघं मागं. गाव मागं पडलं. शेवटी धनाजीला राहवलं नाही. तो पुढं वाकला आणि गाडी चालवणाऱ्या अप्पांच्या कानाशी म्हणाला, "अप्पा, नाण्यावर साल कंचं हुतं हो?"

अप्पांनी तिरक्या नजरेनं शेजारच्या मॅडमकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या साली पद्मा आन् मी वडगावच्या शाळंत तिसरीत हुतो."